बादलीची कडी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "तांबोळी, जन्मभर विजेत काढलीत, प्रकाशावर काहीतरी लिहा." मी उत्साहात हो म्हणून बसलो आणि पुढचे तीन आठवडे कागद कोराच राहिला. प्रकाशाबद्दल मला खरंच फारसं काही सांगता येत नाही. लाइनमनची नोकरी म्हणजे आधी वीज बंद करायची आणि मग हात लावायचा. माझी निम्मी हयात वीज बंद करण्यात गेली आणि उरलेली माणसांना थांबायला शिकवण्यात. त्यातलं दुसरं काम मला कितपत जमलं, ते या लेखात येईलच.

माझा जन्म दौंडचा. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. कॉलनीत आमच्या शेजारी अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची दोन घरं होती, त्यांच्या पोरांशी गोट्या खेळता खेळता इंग्रजी कानावरून आत गेलं. पुढं वीज मंडळात लागलो, शिरूरला बिऱ्हाड केलं, त्या बाजूचे खांब चढलो. मंडळाच्या कंपन्या झाल्या तशी माझी गुडघेदुखी वाढली, मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एका परदेशी कंपनीत चिकटलो. तिनं शिरूर आणि दौंडच्या मधल्या एका माळावर सौर प्रकल्प उभारायला घेतला होता. तारांचं ज्ञान आणि गोट्यांतलं इंग्रजी, दोन्ही असलेला माणूस त्यांना स्वस्तात मिळाला. पद सुरक्षा अधिकारी, पण खरं काम दुभाष्याचं. साहेब बोलला की मी मराठीत सांगायचं, गाव बोललं की इंग्रजीत.

ही कंपनी युरोपच्या पार उत्तरेकडच्या एका देशाच्या सरकारची. सरकारची, हे ऐकूनच गावाच्या कपाळाला आठ्या पडल्या. जमिनी भाड्यानं घ्यायची बैठक मारुतीच्या देवळापुढं भरली. तिथं सोपान आबांनी पहिला प्रश्न टाकला. आबा साठीला टेकलेले, चार एकर मुरमाचे धनी. बोलणं कमी, पण बोलले की बाकीचे गप्प व्हायचे.

"तितल्या सरकारला आपल्या माळाव काय काम हाय?" आबांनी विचारलं.

कंपनीचा इथला प्रमुख लार्स साहेब उंच, लाजाळू, उन्हानं भाजून लाल झालेला माणूस. तो खुर्चीवरून उठून खाली सतरंजीवर येऊन बसला आणि कंपनीची गोष्ट सांगू लागला. त्यांच्या देशात एक मोठा धबधबा होता. तो एखाद्या धनवंताच्या हातात गेला तर खेड्यापाड्यात दिवा लागायचा नाही, म्हणून सरकारनं तो विकत घेतला आणि त्यावर वीज काढली. मग डोंगर पोखरून बोगदे केले, धरणं बांधली, बर्फातून तारा ओढल्या.

"म्हंजी मंडळच की हे!" आबा म्हणाले. सगळे हसले आणि वातावरण जरा सैल झालं.

पुढं देशाची गरज भागून वीज उरायला लागली, तशी कंपनी शेजारच्या देशांत गेली. तिथली कोळशाची वीजघरं घेतली. मग कोळशाची लाज वाटायला लागली, ती विकली. पवनचक्क्या घेतल्या, काही विकल्या, आणि आता सूर्य धरायचा तर जिथं तो बारमाही तळपतो तिथंच जायला हवं, म्हणून इथवर आली. साहेबानं यातलं काही लपवलं नाही.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "त्याला इचार, जे घेत्यात आन् इकत्यात, ते आमालाबी एक दिस इकून जाणार न्हाईत कशावरून?"

हा प्रश्न मी गाळला. साहेब माझ्याकडं बघत होता, त्याला मी सांगितलं की आबा तुमचे आभार मानताहेत. पाहुण्यासमोर असलं विचारणं मला बरं दिसलं नाही. माझी ही सवय तिथूनच सुरू झाली असावी.

सौर प्रकल्पाचं काम बाहेरच्या माणसाला फार सोपं वाटतं. काचा मांडल्या, ऊन पडलं, वीज आली. पण साध्या तारेची वीज खटका पाडून बंद करता येते, सूर्याला मात्र खटका नसतो. उजेड आहे तोवर प्रत्येक पॅनलमध्ये वीज आहे. रांगेतली पॅनलं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळं टोकाला माणूस मारायला पुरेल एवढा दाब असतो आणि तो दिसत नाही, त्याचा आवाजही नाही. पॅनलची काच शाबूत आहे आणि लोखंडी सांगाड्याची जमिनीत गेलेली पट्टी धड आहे, तोवर काही भीती नाही. काच तडकली की मात्र तिथं पाण्याचा थेंबही पडू द्यायचा नाही. लाल फीत बांधायची आणि लांबून जायचं.

आणि काचा तर रोज धुवाव्या लागतात. उत्तरेकडच्या साहेबांना वाटायचं, धूळ म्हणजे वाऱ्यानं येते तेवढीच. एका हिवाळ्यात तिकडून सारखी विचारणा यायची, की पूर्वेच्या रांगांची वीज घटते कशी? मी त्यांना पलीकडचं गुऱ्हाळ दाखवलं. चिमणीतून निघणारी काजळी थेट आमच्या काचांवर. गुऱ्हाळवाल्याकडं तक्रार घेऊन गेलो, तर त्यानं आधी गरम गूळ हातावर ठेवला.

"माजा धूर तुमच्या काचंव बसतो, आन् तुमच्या गाड्यांचा धुरळा माज्या गुळाव. फिटंफाट," तो म्हणाला. मी हा निरोप जसाच्या तसा पाठवला. तिकडं कुणाला समजला असेल, मला शंका आहे.

काचा धुवायला गावातल्याच बाया होत्या. जमीन दिलेल्या प्रत्येक घरातल्या लोकांना काम, असा करार होता. सोपान आबांच्या घरातून दोघं आली. आबा पाण्याच्या टँकरचा ट्रॅक्टर चालवायचे आणि पाण्याच्या कामाचे मुकादमही तेच. दुसरी त्यांची सून, मंगल. नवरा रांजणगावला एका कारखान्यात कंत्राटी. मंगल खुटबावची लेक, बारावी झालेली, तिशीची, बोलायला फटकळ. मलाही सोडायची नाही. "मामा, तुमच्या हेल्मेटात कोंबडी अंडी घालंल एक दिस," म्हणायची.

कंपनीनं एक अजब वस्तू आणली होती, लाल कार्ड. प्रत्येकाच्या गळ्यात. नियम असा, की धोका दिसला तर कुणीही, कुणालाही, कधीही कार्ड दाखवून काम थांबवायचं. थांबवणाऱ्याला कुणी जाब विचारायचा नाही. शंका खोटी निघाली तरी नाही. मंडळात आम्हाला थांबवणारा फक्त वरचा साहेब असायचा, तोही मुहूर्तावर. मला त्या कार्डाचं अप्रूप वाटलं. मी जीव ओतून शिकवलं.

पहिलं कार्ड हिराबाईनं काढलं. ती कामावरच्या बायांतली सगळ्यांत वयस्कर. आम्ही धावत गेलो, तर रांगेत गवतात टिटवीची चार अंडी. "पोरं बाहीर पडंस्तवर हितं पाणी मारायचं न्हाई," हिराबाईनं हुकूम सोडला. लार्स साहेब एवढा खूश झाला की त्या रांगेला पिल्लं निघेपर्यंत हात लावू दिला नाही आणि हिराबाईचा फोटो तिकडच्या ऑफिसात लागला. मला वाटलं, कार्ड रुजलं.

शिकवणीच्या दिवशी मात्र मंगलनं एक प्रश्न विचारला होता.

"कुणालाबी म्हंजी अगदी कुणालाबी का, मामा?"

बाया खुदकन हसल्या आणि सगळ्यांच्या माना टँकरकडं वळल्या. टँकरपाशी आबा उभे होते, तेही दुसरीकडं बघायला लागले. मला प्रश्न कळला होता. न कळायला मी काही परदेशातला नव्हे. पण मी चेष्टेवारी नेलं. म्हणालो, "अगदी लार्स साहेबालासुद्धा!" पुन्हा हशा झाला. मंगल हसली नाही.

त्या घराची रीत जुनी होती. सून सासऱ्यासमोर बोलत नसे. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात मंगलनं आबांना एकदाही हाक मारली नव्हती. जेवायला बोलवायचं तर सासूकडून, सासू नसली तर भिंतीकडं तोंड करून. त्यात राग नव्हता, उलट मोठा मान होता. आबाही तेवढाच मान राखायचे. कामावर दोघांनी त्याचा बरोबर मार्ग काढला होता. पाणी भरायला टँकरपाशी यायचं असलं, की मंगल लांबूनच बादलीची कडी दोनदा वाजवायची. आबा मागं न बघता दोन पावलं पुढं सरकायचे आणि तोंड फिरवून उभे राहायचे. ती पाणी घेऊन निघाली की पुन्हा कडी वाजायची, आबा जागेवर यायचे.

एकदा लार्स साहेबानं विचारलं, हा आवाज कशाचा? सून-सासऱ्यांचं हे सगळं इंग्रजीत कुठं सांगत बसायचं? मी म्हणालो, गाडीजवळ माणूस आलं की ड्रायव्हरला इशारा देतात. त्यानं वहीत चांगली पद्धत म्हणून टिपून घेतलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे, त्या दिवशी दहा वाजता तिकडचे वरिष्ठ पाहणीला येणार होते. मी सकाळी फाटकापाशी स्वागताचा फलक बांधत होतो. आबा ट्रॅक्टर घेऊन आत शिरले तेव्हा मीच त्यांना ओरडून सांगितलं, "आबा, पूर्वेच्या रांगा चकचकीत पाहिजेत हां! पाहुणे तिकडूनच येणार." एरवी आबा पाइप हातात घेत नसत, ते बायांचं काम. त्या दिवशी बाया दोन रांगा मागं होत्या, म्हणून त्यांनी स्वतः पाइप उचलला.

आदल्या दिवशी दुपारी त्या रांगेत गवत कापायचं यंत्र फिरलं होतं. त्यानं उडवलेल्या दगडानं एक काच तडकली आणि सांगाड्याची जमिनीची पट्टी तुटली. यंत्रवाल्यानं कुणाला सांगितलं नाही. फीत बांधलेली नव्हती. सूर्य कासराभर वर आला होता.

तडकलेली काच मंगलला लांबूनच दिसली. ती फीत आणायला निघाली आणि पुन्हा वळून बघते, तर आबा पाण्याचा पाइप घेऊन त्याच रांगेत, त्या काचेच्या अलीकडं दोन पावलांवर. दोघांत वीसेक पावलांचं अंतर. गळ्यात कार्ड होतं, पण आबांची तिच्याकडं पाठ होती. हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. तिनं बादली उचलली आणि कडी वाजवली. दोनदा नाही, जोरजोरात, सारखी.

आबांनी ऐकलं. सून येतेय, एवढंच त्यांना कळलं. आठ वर्षं केलं तेच त्यांनी केलं. मागं न बघता दोन पावलं पुढं सरकले, तसं पाइपाचं पाणी तडकलेल्या काचेवर गेलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि वाट देण्यासाठी ओला हात सांगाड्याला टेकवला.

मी पोचलो तेव्हा हिराबाईनं कोरड्या बांबूनं त्यांचा हात सोडवला होता. हेही मीच शिकवलेलं. आम्ही छाती दाबत त्यांना गाडीत घातलं. दौंडच्या अलीकडं रेल्वे फाटक लागलं होतं. ते उघडायच्या आत आबा गेले होते. मी तीस-पस्तीस वर्षं विजेत काढली, माणसं गेलेली पाहिली. पण मी शिकवलेलं, मी घाई लावलेलं माणूस माझ्या मांडीवर गेलं, ते हे एकच.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. लार्स साहेब, मी आणि समोर मंगल. साहेबाचे डोळे सुजलेले होते. त्यानं विचारलं, तुम्ही कार्ड का दाखवलं नाही? मी मराठीत सांगितलं. मंगल खाली बघून बराच वेळ बोलली. काच दिसली, तोंड उघडलं, आवाज आला नाही, कडी वाजवली, आबा सरकले, सगळं.

"मीच त्यास्नी पुढं सारलं, मामा," ती शेवटी म्हणाली.

साहेब माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, हे याला काय कळणार? आणि कळलं तर तिकडच्या कागदावर काय उमटेल, की सुनेच्या आवाजानं सासरा मेला? हे पोरीच्या नावावर जन्मभर राहील. शिवाय आबा तिथं कसे आले असं विचारलं, की माझं फाटकावरचं ओरडणंही निघणार. दयेनं किती आणि भीतीनं किती, ते मला आजही वेगळं काढता येत नाही. मी इंग्रजीत एवढंच म्हणालो, "तिचं लक्ष नव्हतं."

साहेबानं लिहून घेतलं. कंपनीच्या पद्धतीप्रमाणं, सगळ्यांनी धडा घ्यावा म्हणून निष्कर्ष फलकावर लागला. मराठी मजकूर माझाच होता, 'जवळच्या कामगाराच्या लक्षात धोका आला नाही.' उपाय म्हणून कार्डावरची अक्षरं मोठी केली. बाकी काही बदललं नाही, कारण खरं कारण कुणाला ठाऊकच नव्हतं.

फलकावर नाव नव्हतं, पण गावाला नाव लागत नाही. सासरा मरत होता आणि हिचं ध्यान नव्हतं, असं पाण्याच्या टाकीवर, दुधाच्या डेअरीवर बोललं जाऊ लागलं. सासूनं तिच्या हातचं जेवण महिनाभर घेतलं नाही. मंगलनं काम सोडलं. एकदोनदा रस्त्यात दिसली, मी स्कूटर हळू केली, ती डोक्यावरचा पदर सारखा करून पुढं गेली. जी मला हेल्मेटातल्या कोंबडीवरून चिडवायची, ती.

पुढं दोनेक वर्षांनी आबांचा प्रश्न खरा ठरला. त्या देशात सरकारचं मन बदललं. इतक्या लांब पसरण्यापेक्षा घरचं पाणी आणि घरचा वारा सांभाळावा, असं ठरलं आणि आमचा माळ विक्रीला निघाला. ज्या धबधब्यापासून कंपनी निघाली होती, तिकडंच ती परत निघाली. कुणी कुणाला फसवलं नाही, सगळे करार पाळले गेले. तरी फाटकावरची पाटी उतरवताना मला आबांची आठवण आली आणि वाटलं, तो प्रश्न त्या दिवशी विचारायला हवा होता.

निरोपाच्या दिवशी लार्स साहेब माझ्याशेजारी पायरीवर बसला. मी विचारलं, हे लाल कार्ड कुणाच्या डोक्यातून निघालं? तो म्हणाला, जुनी गोष्ट आहे. धरणाच्या बोगद्याचं काम चालू असताना डबे पोचवणाऱ्या एका बाईला छताची भेग दिसली. आत मोठा मुकादम होता, तिच्या गावचा, सगळे त्याला वचकून. त्याला तू थांब, असं तिनं म्हणायचं कसं? तिनं दारात उभं राहून डबे वाजवले. मुकादमाला वाटलं, जेवायची घाई करते आहे. छत खाली आलं.

"मोठ्या माणसाला थांब म्हणणं आम्हालाही फार उशिरा आलं," साहेब म्हणाला. "ती बाई खरं बोलली, म्हणून आलं."

 मला वाटत होतं, आमचं दुखणं याला कळणार नाही. ते याच्याच घरचं निघालं. तेव्हा तरी सांगून टाकायला हवं होतं. त्याची गाडी दारात उभी होती. मी हात हातात घेतला आणि प्रवास सुखाचा होवो म्हणालो.

कंपनीबरोबर मीही गेल्या वर्षी निवृत्त झालो. या पावसाळ्यात मंगल शिरूरला तहसीलच्या कामाला आली होती, विचारत विचारत माझ्या घरी आली. बायकोनं चहा ठेवला. तिनं कप तसाच हातात धरला. मग म्हणाली, "मामा, त्या दिशी मी येवढं बोलले आन् तुमी सायबाला चारच शब्द सांगितले. तवाच मला कळलं व्हतं."

मी माझा कप खाली ठेवला.

"त्या कागदात माजं ध्यान न्हवतं असं हाय. माजं ध्यान व्हतं, मामा. मी हाक मारली. जशी मला येत व्हती तशी मारली. आता माजी सासूबी म्हणती, बोल काय ते, पर कागद म्हणतोय ध्यान न्हवतं. तेवडं नीट करा."

मी लार्स साहेबाला ईमेल पाठवला. तो पत्ता बंद झाल्याचं उत्तर यंत्रानं दिलं. माळावर गेलो. नव्या मालकांचा माणूस सज्जन होता, पण जुनी दप्तरं त्यांच्याकडं आलीच नव्हती. कागद नीट करायला कागदच उरला नव्हता. मग संपादकांचा फोन आठवला.

हे लिहून झालं तेव्हा मी मंगलला बोलावलं. नाव बदलू का, विचारलं. ती नको म्हणाली. सासूचीही ना नव्हती. मग मी सगळं वाचून दाखवलं. टिटवीपाशी ती हसली, दौंडच्या फाटकापाशी तिनं खिडकीबाहेर पाहिलं. शेवटचा परिच्छेद मी मोठ्या मेहनतीनं लिहिला होता. त्याची सुरुवात अशी होती, की या सगळ्यात मंगलचा काडीचाही दोष नव्हता.

"थांबा, मामा," मंगल म्हणाली.

मी थांबलो. ती माझ्याकडं सरळ बघत होती.

"ते काडा. दोष व्हता का न्हवता, ते तुमी नगा सांगू. मी सांगितलं तेवडंच लिवा."

मी तो परिच्छेद खोडला.